योसेफाची दाढी

आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकात योसेफाची दाढी नेहमी मॉसची असते. मेंढपाळांच्या दाढ्याही मॉसच्याच, आणि बाळ येशूच्या गव्हाणीत गवताऐवजी मॉस. गवत विकत आणावं लागतं. मॉस राखाडी जटांसारखं अंगणातल्या ओकच्या फांद्यांवरून डोक्याला लागेल इतकं खाली लोंबत असतं. ते काढायची आमची एक रीत आहे. कडक थंडी पडून गेल्याशिवाय कोणी त्याला हात लावत नाही. उन्हाळ्यात त्यात तांबडे किडे असतात, अंगावर चढले की आठवडाभर खाजवत बसायचं. थंडीने किडे मरतात आणि मॉस स्वच्छ होतं, असं इकडे सगळे मानतात. किड्यांपुरतं ते बरोबर आहे.

त्या वर्षी नाटक ओलेटा ग्रीनने बसवलं होतं. त्याआधी ते कायम मिस व्हर्डी बसवायच्या. मिस व्हर्डी इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी समोरच्याने गृहपाठ केलेला नाही अशा समजुतीनेच त्या बोलतात. त्यांच्या काळात गव्हाणीत काळं मॉस असायचं. ताजं मॉस खड्ड्यात भिजवून, ढिगाला पाणी देत काही महिने कुजवलं की वरची राखाडी साल गळून जाते आणि आत घोड्याच्या केसासारखा काळा, चिवट धागा उरतो. तो धुऊन, वाळवून, पिंजून आमच्या आज्या गाद्या भरायच्या. मिस व्हर्डी अजूनही भरतात. ओलेटाला मात्र रंगमंचावर काळं काही नको होतं.

शुक्रवारच्या तालमीतलं त्यांचं बोलणं मला माझ्या भाचीने, रेनेटाने, सांगितलं. मी तेव्हा सव्हाना शहरात होते. त्या सकाळी घराबाहेरच्या बादलीत पाणी गोठलं होतं. ओलेटाच्या मंडळींनी आकडा लावून ओकवरचं मॉस ओढलं, थेट पोत्यांत भरलं आणि चर्चमध्ये आणून टाकलं. गॅस वाचवायचा म्हणून हीटर बंद होता. सगळे कोट घालून तालीम करत होते. ओलेटाने पोतं उलटं करून गव्हाण भरली, तेवढ्यात मिस व्हर्डी काखेत एक चपटी गादी घेऊन आल्या.

"हे काय आणलंत, मिस व्हर्डी?"

"येशूची गादी. आता ट्रक चालवतो तो टायरीही येशू झाला तेव्हा हिच्यावरच झोपला होता."

"दिव्यांत ती जळल्यासारखी दिसेल हो. मला चंदेरी हवंय सगळं."

"जिवंत मॉसवर लेकरू ठेवत नाहीत. त्याची ओल छातीत जाते."

"गाणं होईपर्यंत ठेवायचं आहे. तेवढ्यात कसली ओल जाते?"

"शाळेत तुझं नाक तेवढ्या वेळात दोनदा गळायचं. मला विचार."

सगळे हसले. ओलेटाही हसली, पण गादी तिने घेतली नाही. खरं सांगायचं तर मिस व्हर्डींच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार नव्हता. मॉस हवेतली ओल शोषून जगतं, कोणाच्या छातीत सोडत नाही. मिस व्हर्डी गादी उचलून निघून गेल्या आणि त्यांनी ऐकलं असं सगळ्यांना वाटलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना तरी असं वाटायला नको होतं.

नाटक शनिवारी दुपारी होतं. मी सव्हानाहून परस्पर चर्चमध्ये पोचले तेव्हा हीटर लावलेले होते, बाकं भरली होती आणि मागच्या खोलीतून ऑयस्टरच्या रश्श्याचा वास येत होता. मला शेवटच्या रांगेत जागा मिळाली.

मरिया झाली होती रेनेटा, योसेफ तिचा नवरा ड्युरेल, आणि येशू त्यांची मुलगी एस्तेर. एस्तेर सप्टेंबरमध्ये जन्मली. त्याआधी रेनेटाला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा ते टिकले नव्हते. त्यामुळे ही मुलगी कुठेही नेली तरी रेनेटाचा एक हात तिच्यावर असायचा. तिला नाटकात द्यायला रेनेटा तयार झाली याचंच मला आश्चर्य वाटलं होतं. "मी तिथेच असणार आहे ना, मावशी," ती म्हणाली होती. "गव्हाणीला टेकूनच बसायचंय मला."

पहिल्या प्रवेशात मरिया आणि योसेफ धर्मशाळेच्या दारावर थापा मारत होते. ड्युरेल दाराच्या चौकटीएवढा माणूस आहे. त्याच्या हनुवटीखाली मॉसची भलीमोठी राखाडी दाढी लोंबत होती, आणि दर वाक्यानंतर तो ती खाजवत होता. दुसऱ्या प्रवेशात पडदा सरकला तेव्हा गोठा होता, गव्हाण होती, गव्हाणीशी टेकून रेनेटा होती आणि आत एस्तेर. ड्युरेल मात्र गुळगुळीत हनुवटीने तिच्यामागे उभा होता.

"योसेफाला वाटेत न्हावी भेटला वाटतं," आमच्या चर्चचे कारभारी डीकन प्रायर माझ्या पुढच्या रांगेतून म्हणाले, आणि त्यांना हळू बोलता येत नाही.

सगळं चर्च हसलं. ओलेटा पियानोशेजारी डोक्याला हात लावून बसली होती. मुलांनी गाणं सुरू केलं. दुसरं कडवं संपत असताना उजवीकडच्या पडद्यामागून काहीतरी तांबूस बाहेर आलं आणि छताखाली गोल फिरू लागलं.

सुरुवातीला लोकांना ते पाखरू वाटलं. मला वाटलं नाही. माझी नोकरीची बहुतेक वर्षं राज्याच्या वन्यजीव खात्यात वटवाघळं मोजण्यात गेली. मॉसमध्ये राहणारी ही जात मला अंधारातही ओळखू येते. अंगठ्याएवढं अंग, गडद तांबूस केस, केसांच्या टोकांना दंव पडल्यासारखा पांढरेपणा. उन्हाळ्यात फांदीला हात लागला की ते उडून जातं. कडाक्याच्या थंडीत मात्र मॉसच्या आत शिरून इतकं गाढ झोपतं की हलवलं तरी हलत नाही. वाळक्या पानासारखं दिसतं. आमच्या रीतीप्रमाणे मॉस काढायचा दिवस नेमका तोच.

मुलं गातच राहिली. रेनेटाने एस्तेरला उचलून छातीशी धरलं. मी बाकांमधून वाट काढत पुढे निघाले.

"दार उघडू नका," मी म्हणाले.

डीकन प्रायर दयाळू माणूस आहेत. त्यांनी दार आधीच सताड उघडलं होतं आणि हॅट हलवून ते त्या जिवाला वाट दाखवत होते. वटवाघूळ दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा दारातून बाहेर पडलं आणि ओकच्या दिशेने गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पास्टर म्हणाले, देवाला आमच्याकडे कबुतर पाठवायचं होतं, हाताला मिळालं ते पाठवलं. पुन्हा हशा झाला.

मी रेनेटापाशी पोचले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसणं थांबलं.

"काय झालं, मावशी?"

"हिला आत घेऊन चल. उजेडात बघू."

बायबलच्या वर्गाच्या खोलीत आम्ही एस्तेरचे कपडे काढले. मी मान पाहिली, कानांमागे, बोटं, टाळूवरचे मऊ केस. कुठेही काही नव्हतं. ती माझ्या चष्म्याला हात घालत होती.

"काही नाही ना?" ड्युरेल दारातून म्हणाला.

"दिसत तरी नाही."

"मग झालं."

मला ते सांगणं भाग होतं. "या वटवाघळाचे दात टाचणीच्या टोकाएवढे असतात. चावलं तर खूण राहीलच असं नाही. मोठा माणूस सांगू शकतो, हिला सांगता येणार नाही. शंभर वटवाघळांतल्या एखाद्याला रेबीज असेल, बाकीची निरोगी असतात. पण रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग उपाय नसतो. म्हणून नियम असा की वटवाघूळ पकडून तपासायचं. ते हाताशी नसेल आणि बाळ त्याच्या शेजारी झोपलेलं असेल, तर बाळाला इंजेक्शनं द्यायची."

"आणि ते आपण टाळ्या वाजवून सोडून दिलं," रेनेटा म्हणाली.

"हो."

"हिला किती द्यावी लागतील?"

"बरीच. लस चांगली आहे, रेनेटा. लहान मुलांनाही देतात. ती बरी राहील."

"मी काय विचारतेय तुला कळतंय." तिने एस्तेरला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, घट्ट, जास्तच घट्ट. "मी तिला स्वतःच्या हातांनी त्या मॉसमध्ये ठेवलं. ते तिच्या पाठीखाली होतं का? तेवढं सांग."

तेवढं मला माहीत नव्हतं. पण ते शोधता येण्यासारखं होतं. वटवाघूळ गेलं असलं तरी ते जिथे झोपलं होतं ती जागा अजून चर्चमध्येच होती. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की कोणीही कुठल्याही मॉसला हात लावायचा नाही, आणि स्वयंपाकघरातून रबरी हातमोजे मागवले. माझी लस जुन्या नोकरीत होऊन गेलेली आहे, तरी हातमोजे घातले.

गव्हाणीभोवती माणसं गोळा झाली होती. ओलेटा सगळ्यांत पुढे होती आणि रडायच्या बेतात होती. मी एस्तेरची दुलई उचलली. तिच्याखाली राखाडी मॉस असायला हवं होतं. तिथे पांढऱ्या जाड कापडाची चपटी गादी होती, चारही बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवून बंद केलेली. मी शिवण थोडी उसवून आत बोट घातलं. काळा, कोरडा, स्वच्छ धागा.

"हे कोणी ठेवलं?" ओलेटाने विचारलं.

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं.

मिस व्हर्डी पहिल्या बाकावर ताठ बसून होत्या. "चर्चची किल्ली माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी आले आणि बदललं. वर दुलई असल्यावर खालचं कोणाला दिसतंय? तुझं चंदेरी बाहेरून लावलंय की फळ्यांना. दिसलं ना सगळ्यांना चंदेरी?"

"मिस व्हर्डी, मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी."

मी फळ्यांवर खिळ्यांनी ठोकलेलं मॉस एकेक करून सोडवलं आणि चादरीवर पसरून पाहिलं. पातळ झुबके होते, त्यांत ओकची पानं आणि एक रिकामं घरटं. वटवाघूळ मावेल अशी जागा कुठेच नव्हती. पण ते कुठूनतरी आलं होतं, आणि "इथे नव्हतं" एवढ्यावर मी रेनेटाला घरी पाठवणार नव्हते.

"मिस व्हर्डी, गव्हाणीतलं मॉस तुम्ही बाहेर काढलंत. ते सगळं फळ्यांवर लावलं?"

"पातळ होतं ते लावलं."

"आणि जाड?"

त्या पहिल्यांदाच थोड्या थांबल्या. "एक चांगला गच्च झुबका होता. टाकवेना. ओलेटाने केलेली दाढी अगदीच विरळ होती, एवढ्या मोठ्या माणसाला शोभत नव्हती. मी तो दाढीला बांधला."

ड्युरेलचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

"दाढी कुठे आहे?" मी विचारलं.

"आत खिळ्यावर. हीटरपाशी. पहिला प्रवेश झाला तशी काढून टाकली. सारखी टोचत होती, मावशी. परत लावायला गेलो तर पडदा सरकायला लागला होता."

पडद्यामागे, वेदीपासून बरीच उजवीकडे, एक अरुंद खोली आहे. तिथे गाणाऱ्यांचे पांढरे झगे टांगतात. दाढी हीटरच्या शेजारच्या खिळ्यावर लटकत होती आणि तिच्या बरोबर खाली एक झगा होता. झग्याच्या खांद्यावर तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, काळ्या लेंड्या पडल्या होत्या. मी एक हातमोज्यावर चुरडली. ती भुगा होऊन चमकली. किड्यांच्या पंखांचे तुकडे असे चमकतात, उंदराच्या लेंडीत हे नसतात. मग मी दाढी खाली काढून मिस व्हर्डींनी बांधलेला झुबका खिडकीच्या उजेडात उघडला. आत मुठीएवढी पोकळी होती. कडेच्या धाग्यांना तीन-चार केस चिकटले होते. तांबूस, टोकाला पांढरे. हीटरच्या उबेने ते जागं होऊन निघालं होतं.

मी ते पुन्हा पाहिले. मला घाई करायची नव्हती. मग उरलेली पोती, मेंढपाळांच्या दाढ्या, खिडक्यांवरच्या माळा, सगळं चादरीवर झटकून पाहिलं. दुसरी जागा सापडली नाही. ही जात थंडीत एकएकटी राहते. त्यामुळे झुबका एक आणि वटवाघूळ एक हा हिशेब जुळत होता. पियानो वाजवणाऱ्या बाईंनीही ते त्याच खोलीच्या पडद्यामागून निघताना पाहिलं होतं. एस्तेर तेव्हा तिथून बरीच दूर गव्हाणीत जागी होती आणि आईचा हात तिच्यावर होता.

सुट्टीच्या दिवशी कामावर असलेल्या आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना मी फोन लावला आणि सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी तेच प्रश्न विचारले जे मी विचारले असते. बाळ एकटं होतं का? नाही. झोपलेलं होतं का? नाही. ते जिथे होतं तिथे ताजं मॉस होतं का? नाही, शिवलेली गादी होती. मग ते म्हणाले की बाळाला काही करायची गरज नाही.

"आणि बाप?" त्यांनी विचारलं. "दाढी घातली तेव्हा ते आत होतं म्हणता ना?"

"होतं."

"त्याला टोचल्यासारखं वाटलं?"

"सतत. पण ते मॉस होतं की दात हे त्याला सांगता येत नाही."

"मग त्याला आजच पाठवा."

मी बायबलच्या वर्गात गेले. रेनेटा लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली होती. गुडघे वर आलेले, एस्तेर दोन्ही हातांत. मी खाली बसले.

"तिच्याजवळ नव्हतं," मी म्हणाले. "तिला इंजेक्शन नको. डॉक्टरांशी बोलले मी. मला स्वतःला खात्री आहे."

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मी खात्री आहे असं सहसा म्हणत नाही, हे तिला माहीत आहे.

"मग कुठे होतं?"

"माझ्या दाढीत," दारातून ड्युरेल म्हणाला. तो चौकटीला टेकला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते, पण तोंडभर हसू होतं. "धर्मशाळेच्या दारावर मी दोघांसाठी जागा मागत होतो. तिघं होतो आम्ही."

त्याच्यामागून मिस व्हर्डी आत आल्या. त्यांच्या हातात ती गादी होती. मी उसवलेली शिवण त्यांनी पिनेने बंद केली होती.

"म्हणजे तुम्ही वटवाघूळ माझ्या तोंडाला बांधलंत," ड्युरेल त्यांना म्हणाला.

"बाळाच्या पाठीखालून काढून तुझ्या तोंडाला बांधलं," मिस व्हर्डी म्हणाल्या. "कुठे असलेलं चाललं असतं तुला?"

ड्युरेलने वाकून त्यांना मिठी मारली. त्या त्याच्या कोटात जवळजवळ दिसेनाशा झाल्या. "पुरे," आतून आवाज आला. "माझी टोपी."

तुमचे हात कसे आहेत, असं मी त्यांना विचारलं. बागकामाचे चामडी मोजे होते, त्या म्हणाल्या, राळ लागते म्हणून. ताज्या मॉसला राळ नसते. पण मी तो वाद तेव्हा काढला नाही.

ओलेटा बाहेर जेवणाच्या टेबलापाशी एकटीच उभी होती. मिस व्हर्डी तिच्याकडे गेल्या. मला वाटलं आता हिचं काही खरं नाही. पण त्यांनी तिच्या ताटलीत रताळं घालून भाजलेल्या गोड 'पाय'चा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, "दिवे चांगले लावले होतेस. माझ्या वेळी कोणाचा चेहरा दिसायचा नाही." मग दोन पावलं पुढे जाऊन वळल्या. "गव्हाण पुढच्या वर्षीही माझीच."

"हो, मिस व्हर्डी," ओलेटा म्हणाली.

ड्युरेलला शहरातल्या रुग्णालयात मीच घेऊन गेले. रेनेटाला घरी थांब म्हटलं, ती थांबली नाही. एस्तेरला घेऊन मागच्या सीटवर बसली. आम्ही दलदलीवरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंच्या ओकवरचं मॉस मावळतीच्या उन्हात हलत होतं. मला वाटलं, ते वटवाघूळ आता अशाच एखाद्या झुबक्यात शिरून परत झोपलं असेल. ते सापडलं असतं तर तपासायला मारावं लागलं असतं. ते सापडू नये असं मला दुपारी एकदाही वाटलं नव्हतं. आता बरं वाटलं.

नर्सने ड्युरेलला नखशिखांत पाहिलं. पहिलं औषध वजनाच्या प्रमाणात द्यायचं असतं. ती आत जाऊन आणखी सुया घेऊन आली.

"कशामुळे म्हणालात?" तिने विचारलं.

"दाढीमुळे," तो म्हणाला.

तिने त्याच्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता पडदा ओढून घेतला.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. रेनेटाच्या कुशीत एस्तेर झोपली होती. वटवाघूळ छताखाली दिसल्यापासून रेनेटाने तिला खाली ठेवलं नव्हतं, कोणाच्या हातात दिलं नव्हतं. मी मागितलंही नव्हतं. आतून ड्युरेलचा आवाज आला, कसलीशी गोष्ट नर्सला सांगत होता, आणि मग नर्सचं हसणं. रेनेटाने डोकं मागे भिंतीला टेकवलं. तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"मावशी," ती म्हणाली, "धर जरा हिला. माझे हात आखडलेत."

मी एस्तेरला घेतलं. ती जागी झाली नाही. तिच्या पायमोज्याला एक काळा धागा चिकटला होता, मी शिवण उसवली तेव्हा माझ्या बाहीला लागून आलेला असावा. मी तो काढून उजेडात धरला. कोरडा होता, केसासारखा चिवट, आणि त्यात जिवंत असं काही नव्हतं. मी तो परत तिच्या पायमोज्यावर ठेवला. शेजारी रेनेटा झोपून गेली होती.